होम कोर्स सोडून बाहेर खेळायला जाताय? मग हे वाचून जा

मी मूळचा नाशिकचा. म्हणजे गोल्फ क्लबवर अगदी लहानपणापासून जातोय, पण क्रिकेट खेळायला, कारण नाशिककराला गोल्फ क्लब म्हणजे अनंत कान्हेरे मैदान आणि त्याच्या कडेचा जॉगिंग ट्रॅक. खरी गोल्फची काठी हातात आली ती पुण्यात, चाळिशी ओलांडल्यावर, डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून. हा डॉक्टर आता आमच्याच फोरबॉलमध्ये आहे आणि चालायचं सोडून कार्ट मागतो ते वेगळं.

आम्ही चौघं. डॉक्टर, सीए, माझा जुना बिझनेस पार्टनर आणि मी. चौघंही १८ ते २६ हँडिकॅपवाले (कोर्सला ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण किती जास्त लागतात तो आकडा), म्हणजे चांगल्या दिवशी शंभरच्या आत आणि वाईट दिवशी मोजू नये असं. तीन वर्षं एकाच कोर्सवर खेळून कंटाळा आला म्हणून बाहेर पडायला लागलो आणि पहिल्याच बाहेरच्या राउंडला घरी ९२ मारणारा सीए ११४ वर गेला. गाडीत परत येताना तासभर स्विंगवर चर्चा, कोणी म्हणे ग्रिप कोणी म्हणे टेम्पो, दुसऱ्या दिवशी गडी कोचकडे हजर. स्विंगला काहीही झालं नव्हतं हो. आपण ज्याला आपला गेम म्हणतो त्यातला अर्धा होम कोर्सचं पाठांतर असतो. चौथ्या होलला डावीकडच्या झाडावर नेम धरायचा, सातव्याला एक क्लब जास्त, म्हणजे एक नंबर लांब जाणारी काठी घ्यायची, बाराव्याचा पट (ग्रीनवरचा, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावरचा फटका) दिसतो उजवीकडे पण जातो सरळ. पेपर बदलला की पाठांतर गेलं. बाहेर खेळायची तयारी म्हणजे हे पाठांतर नसताना कसं निभवायचं ते, आणि त्यातलं बरंचसं काम टी-बॉक्सवर (होलचा पहिला फटका मारायच्या जागी) पोचायच्या आधीच होतं.

सुरुवात माणसांपासून. स्कोर सारखा असलेली माणसं निवडू नका, वेळ पाळणारी आणि चिडल्यावर गप्प बसणारी निवडा. आमच्यात आधी पाचवा एक होता, खेळायचा आमच्यापेक्षा छान, पण प्रत्येक पटाआधी चारही बाजूंनी फिरून बसून बघायचा आणि पाचव्या होलपर्यंत मागचा ग्रुप कमरेवर हात ठेवून उभा. घरच्या कोर्सवर खपतं, पाहुणे म्हणून गेलेल्या ठिकाणी मार्शल येऊन बोलतो तेव्हा लाज वाटते.

बुकिंग एकानेच करायचं, चौघांनी चार ठिकाणी फोन केले की चार उत्तरं मिळतात. आमच्याकडे हे काम सीएकडे. फोनवर विचारायचं काय तर मेंबर सोबत लागतो का नुसती ग्रीन फी भरून चालतं, हँडिकॅप सर्टिफिकेट बघतात का, कॅडी (बॅग उचलणारा, कोर्स माहीत असलेला माणूस) कंपल्सरी आहे का, कार्ट मिळेल का, आणि सगळ्यात महत्त्वाचं जे कोणी विचारत नाही ते म्हणजे ग्रीन्सवर काम चाललंय का. ग्रीनला मशीनने भोकं पाडून वाळू टाकलेली असली की पुढचे काही दिवस चेंडू उड्या मारत जातो आणि तुम्ही पूर्ण फी भरून गाजराच्या वाफ्यावर पटिंग करता. बऱ्याच ठिकाणी सोमवारी मेंटेनन्ससाठी बंद असतं तेही विचारून घ्या. विकडेला फी कमी आणि गर्दीही कमी, एक रजा टाका, परवडतं.

ड्रेसकोड हा विनोदाचा विषय नाही. एका जुन्या क्लबात (नाव राहू द्या) डॉक्टर गोल गळ्याचा टीशर्ट घालून आला, महागाचा होता, पण कॉलर नाही म्हणजे नाही. शेवटी प्रो-शॉपमधून एक पोलो घ्यावा लागला, किंमत सांगत नाही, पण डॉक्टर तो आता लग्नालाही घालतो. कॉलरवाला टीशर्ट, जीन्स नको, कार्गो नको, बुटाला सॉफ्ट स्पाइक्स, एवढं सगळीकडे चालतं. आणि बॅगेतले क्लब एकदा मोजा, १४ च्या वर चालत नाहीत, मुलाची काठी चुकून बॅगेत राहिली म्हणून पार्टनरला पेनल्टी बसलेली आहे.

आता हँडिकॅपचं गणित, कारण भांडणं इथेच होतात. २०२० पासून जी जागतिक पद्धत आली तिच्यात तुमचा इंडेक्स (हँडिकॅपचा मूळ आकडा) तुमच्याबरोबर फिरतो पण प्रत्येक कोर्सवर त्याचे मिळणारे फटके, म्हणजे स्कोरमधून वजा होणारी सूट, बदलतात. सूत्र असं की इंडेक्स गुणिले त्या टीचा स्लोप (हौशी माणसाला कोर्स किती अवघड पडतो तो आकडा) भागिले ११३, आणि त्यात कोर्स रेटिंग (पक्क्या खेळाडूला किती फटके लागतील तो अंदाज) वजा पार (कोर्सला ठरलेले फटके) मिळवायचं. समजा माझा इंडेक्स १८.४, स्लोप १२८, रेटिंग ७१.२ आणि पार ७२. तर १८.४ गुणिले १२८ भागिले ११३ म्हणजे २०.८, त्यातून ०.८ गेले, राहिले २०. म्हणजे तिथे मला २० फटके मिळणार, घरी मिळतात तेवढेच नाही. स्लोप आणि रेटिंग स्कोरकार्डवर किंवा पहिल्या टीजवळच्या बोर्डावर असतं. हे गाडीतच करून टाका आणि व्हॉट्सॲपवर टाका, पहिल्या टीवर उभं राहून "तुला किती मला किती" सुरू झालं की स्टार्टरचा (ग्रुप क्रमाने सोडणाऱ्याचा) चेहरा बघवत नाही.

फॉरमॅटबद्दल माझं ठाम मत आहे, बाहेरच्या कोर्सवर स्ट्रोकप्ले (सगळे फटके मोजायचा प्रकार) खेळू नका. स्टेबलफोर्ड खेळा, प्रत्येक होलला पॉइंट. नेट (मिळालेले फटके वजा करून) पारला २ पॉइंट, नेट बोगीला (पारपेक्षा एक जास्त) १, नेट बर्डीला (एक कमी) ३, बोगीहून वाईट असेल तर शून्य आणि चेंडू उचलून खिशात. २० फटके असलेल्या माणसाला बहुतेक पार फोरवर (चार फटक्यांच्या होलवर) एक फटका मिळतो, म्हणजे ५ मारले तर २ पॉइंट, ६ मारले तर १, आणि सातवा फटका लागणार असं दिसलं की उचला, तिथे मिळण्यासारखं काही उरलेलं नाही. नवीन कोर्सवर एखाद्या होलचा ११ होणारच, स्ट्रोकप्लेमध्ये तो ११ अठराव्यापर्यंत डोक्यावर बसून राहतो, स्टेबलफोर्डमध्ये पुढच्या टीवर विसरला जातो. ३६ पॉइंट म्हणजे आपल्या हँडिकॅपप्रमाणे खेळलो, बाहेर पहिल्यांदाच गेलात आणि २८ झाले तरी पार्टी द्या. दोन-दोनच्या जोड्या पाडून जोडीतला चांगला स्कोर धरायचा प्रकार तर अजून मजेचा. पैज आमची ठरलेली, १०० रुपये पहिल्या नऊचे, १०० मागच्या नऊचे आणि १०० सगळ्या अठराचे. यापेक्षा वर जाऊ नका, मैत्री स्वस्त राहते.

टी टाइमच्या (खेळ सुरू करायच्या ठरलेल्या वेळेच्या) किमान ४५ मिनिटं आधी पोचा. रेंजवर (सरावाच्या जागेवर) दहा-पंधरा चेंडू मारले तरी पुरे पण पटिंग ग्रीनवर वीस मिनिटं द्या, कारण ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायची काठी) सगळीकडे जवळपास सारखाच उडतो, ग्रीनचा वेग मात्र प्रत्येक कोर्सचा वेगळा. मी काय करतो, होलकडे बघतच नाही, तीन चेंडू घेतो, दहा पावलं मोजतो आणि फक्त एवढंच बघतो की तेवढ्या अंतराला हात किती मागे न्यावा लागतोय. मग चढाला, मग उताराला. आपल्याकडच्या बर्म्युडा गवताच्या ग्रीनवर अजून एक गोष्ट असते, गवताचा कल. तुमच्या बाजूने बघताना गवत चकाकत असेल तर कल पुढच्या दिशेने आहे, पट पळणार, काळपट दिसत असेल तर समोरून येतोय, जोर लावा. खात्री करायची असेल तर होलची कड बघा, ज्या बाजूची कड झिजलेली, विस्कटलेली दिसते त्या बाजूला गवत झुकलेलं असतं. हे मला एका कॅडीमामांनी दाखवलं, आठ वर्षं खेळून मला माहीत नव्हतं.

कॅडी घ्याच, पैसे वाचवू नका. तुमच्याकडे नसलेलं पाठांतर त्याच्याकडे आहे. पण त्याला पहिल्या टीवर खरं सांगा. "मामा, ड्रायव्हर माझा दोनशे यार्ड जातो, उजवीकडे जातो, आणि बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) मला येत नाही." आपण काय करतो, वर्षातून एकदा बसलेला २४० चा फटका सांगतो आणि मग तो बिचारा त्या हिशेबाने क्लब काढून देतो. लाइन विचारताना "कसं खेळू" असं विचारू नका, "कुठे गेलेलं चालणार नाही" असं विचारा. उत्तर एका शब्दात येतं. "साहेब, लेफ्ट नको." बास, अर्धा होल समजला. पुढे उभा राहून चेंडू बघणारा फोरकॅडी, ज्याला सगळे आगेवाला म्हणतात, तोही चौघांत मिळून एक घ्या, हरवलेल्या चेंडूंच्या पैशात त्याचा खर्च निघतो.

आणि टी पुढचा घ्या. एका होलला रंगांनी ओळखायच्या वेगवेगळ्या टी असतात, त्यातल्या मागच्या निळ्यावरून खेळायची खुमखुमी चौघांनाही असते. नवीन कोर्सवर पांढरा किंवा त्याच्याही पुढचा, लाज कसली, उदयन माने नाही आपण. (हा पुण्याचा पोरगा टोकियो ऑलिंपिकला भारताकडून खेळला.) पहिले तीन होल ड्रायव्हर बॅगेतच राहू द्या, हायब्रिड (ड्रायव्हरपेक्षा आखूड, सोपी काठी) मारा, ग्रीनवर झेंडा कुठेही असो, नेम मधोमध.

आता कोर्स-कोर्सची गंमत. येरवड्याचा पूना क्लबचा कोर्स म्हणजे झाडी, वरून लोहगावची विमानं. तिथे लांब मारणाऱ्यापेक्षा सरळ मारणारा जिंकतो आणि झाडात गेलात तर हिरोगिरी न करता आडवा काढून फेअरवेवर (टीपासून ग्रीनपर्यंतच्या कापलेल्या पट्टीवर) ठेवायचा. दोन फांद्यांच्या मधून जागा दिसते खरी, मला आजवर चारदा दिसली आणि चारही वेळा आवाज आला, टक्. बावधनकडचा ऑक्सफर्ड त्याच्या अगदी उलटा, सगळा डोंगर. सपाट पाय ठेवायला जागा कमी. चेंडू पायापेक्षा वर असेल तर उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावीकडे जातो, खाली असेल तर उजवीकडे, एवढं डोक्यात ठेवा आणि ग्रीनवर काही कळेनासं झालं तर मागे वळून डोंगर कुठेय ते बघा, पट बहुतेक वेळा डोंगरापासून लांब पळतो. तिथे कार्ट घ्या, चालायचा हट्ट मी एकदाच केला.

मेंबरशिप कुठेच नसेल तर खारघरचा सिडकोचा कोर्स आहे, आपल्या भागातला सामान्य माणसाला पैसे भरून खेळता येईल असा, डोंगराच्या कुशीत, पावसाळ्यात तर बघत बसावं. मध्येमध्ये कामं चालू असतात त्यामुळे फोन करून जा. कुलाब्याला नेव्हीनगरात यूएस (युनायटेड सर्व्हिसेस) क्लबचा कोर्स समुद्राला लागून आहे, डिफेन्सचा भाग आहे तेव्हा मेंबरच्या ओळखीने जा आणि ओळखपत्र बरोबर ठेवा. तिथे सकाळचा टी टाइम घ्या, दुपारनंतर समुद्राचा वारा सुटतो. वाऱ्याचा हिशेब लोक चुकतात, समोरचा वारा जेवढं अंतर खातो तेवढं मागचा वारा देत नाही, साधारण निम्मंच देतो. समोरून वारा असेल तर दोन क्लब वरचे घ्या आणि हळू मारा, जोरात मारलं की चेंडू अजून वर चढतो आणि तिथेच बसतो. आमचा पार्टनर हे ऐकूनही प्रत्येक वेळी जोरातच मारतो, त्याचा स्वभाव आहे, धंद्यातही तसाच होता.

छोट्या गावांतल्या आणि कॅन्टोन्मेंटच्या काही जुन्या कोर्सवर अजून ग्रीनच्या जागी ब्राउन भेटतात, तेल मिसळून दाबलेल्या वाळूचे. घाबरू नका, वळण कमी असतं, फक्त चेंडू हळू पळतो म्हणून मनगट न वापरता ठाम मारायचा. तिथला पोऱ्या आधी लाइनीवरून पोतं किंवा पट्टी ओढून वाळू सारखी करून देतो, त्याला थांबा, घाई करू नका.

सगळ्यात मोठा धडा मात्र शिमल्याजवळ नालदेराला मिळाला. लॉर्ड कर्झनला ही जागा एवढी आवडली होती की त्याने मुलीच्या नावात नालदेरा घातलं. उंची सात हजार फुटांच्या आसपास, चहूकडे देवदार. एका पार थ्रीवर ग्रीन खाली खड्ड्यात, डॉक्टरच्या रेंजफाइंडरवर (अंतर मोजायच्या दुर्बिणीवर) आकडा १५० यार्ड. १५० म्हणजे माझा सेव्हन आयर्न (सात नंबरची काठी), डोळे मिटून. कॅडी म्हातारा, त्याने नऊ नंबर पुढे केला. "साब, नौ." मी म्हटलं नऊने माझा १२० जातो. तो काही बोलला नाही, नऊ नंबर तसाच धरून उभा राहिला. मी सात ओढून घेतला, आयुष्यातला सगळ्यात गोड फटका बसला, चेंडू ग्रीनच्या वरून, झेंड्याच्या वरून, पलीकडच्या देवदारात. सीएने नऊ घेतला, झेंड्यापासून सहा पावलं. रात्री हॉटेलात हिशेब केला. विरळ हवेत साधारण हजार फुटाला एक टक्का आणि वर थोडं असं अंतर वाढतं, म्हणजे पुण्याहून पाच हजार फूट वर सहा टक्के, १५० वर ९ यार्ड. शिवाय ग्रीन पंधराएक यार्ड खाली, तेवढेच अजून कमी. १५० चा फटका खरा होता १२६ चा. हाच हिशेब उलटा पुण्याहून मुंबईला जाताना लागतो, पुणं १८०० फुटांवर, म्हणजे खाली उतरलात की दोन टक्के गेले, १५० वर तीन यार्ड, हौशी माणसाला जाणवत नाहीत पण बंकरच्या कडेवर पडला की हेच तीन आठवतात.

पावसाळ्याचं वेगळं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे चेंडू पडला तिथेच बसतो, रोल शून्य, त्यामुळे घरचे २०० विसरा. बहुतेक ठिकाणी चेंडू उचलून पुसून ठेवायची लोकल रूल असते, पण ती आहे का आणि किती अंतरात ठेवायचा हे स्टार्टरला विचारून घ्या, आपल्या मनाने नाही. चेंडू स्वतःच्याच खड्ड्यात रुतला तर फेअरवेवर, रफमध्ये (बाजूच्या वाढलेल्या गवतात) फुकट ड्रॉप (पेनल्टीशिवाय चेंडू उचलून जवळ सोडायची मुभा) मिळतो, बंकरमध्ये नाही. साठलेल्या पाण्यातून फुकट, उंदराच्या बिळातून फुकट, आणि साप दिसला तर त्यातूनही फुकट ड्रॉप आहे, नियमात धोकादायक प्राणी म्हणून सरळ लिहिलंय. शेण म्हणजे नियमानुसार सुटी वस्तू, बाजूला करू शकता, चेंडू मात्र हलता कामा नये. ड्रॉप आता गुडघ्याच्या उंचीवरून, खांद्यावरून नाही. दोन टॉवेल, दोन ग्लोव्ह झिपलॉकमध्ये. "कार्ट पाथ ओन्ली"चा बोर्ड असला तर कार्टमधून उतरताना एक नाही तीन क्लब घेऊन जा, नाहीतर दिवसभर येरझाऱ्या. वीज चमकली तर कोणाची वाट न बघता खेळ थांबवा, झाडाखाली उभं राहायचं नाही, क्लबहाउस किंवा गाडी. आपल्याकडे जास्त विजा मे-जूनच्या वळवात आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात, भर जुलैत तेवढ्या नाहीत, तरी रिस्क घेऊ नका.

चेंडू गेला वाटलं तर दुसरा मारण्याआधी "प्रोव्हिजनल" (तात्पुरता) हा शब्द तोंडाने म्हणा. नाही म्हटलात तर तो दुसराच चेंडू चालू धरला जातो, पहिला फेअरवेच्या मधोमध सापडला तरी उपयोग नाही. शोधायला तीन मिनिटं, पाच नाही, २०१९ ला कमी केली. पांढरे खांब म्हणजे कोर्सच्या हद्दीबाहेर, लाल-पिवळे म्हणजे पेनल्टी एरिया (तळं, नाला अशी जागा). जो तयार असेल तो मारेल, "तुमचा मान, नाही तुमचा मान" हे लग्नाच्या पंगतीत ठीक आहे.

आणि कुत्रा. हे सांगायलाच हवं. एका कोर्सवर डॉक्टरचा वर्षातला सर्वोत्तम ड्राइव्ह फेअरवेवर थांबलेला, आम्ही चौघं बघतोय, एक पिवळं कुत्रं आलं, शांतपणे चेंडू तोंडात धरला आणि मारुतीच्या देवळाकडे निघून गेलं. पार्टनर म्हणे हरवला, पेनल्टी. सीए म्हणे जिथे कुत्रं सोडेल तिथून खेळ. दहा मिनिटं वाद, मागचा ग्रुप हसतोय. नियम असा की थांबलेला चेंडू बाहेरच्या कोणी, म्हणजे कुत्रा, कावळा, माकड कोणीही, हलवला किंवा नेला हे नक्की माहीत असेल तर मूळ जागी दुसरा चेंडू ठेवायचा, पेनल्टी नाही. डॉक्टरने ठेवला, आणि पुढचा फटका सरळ तळ्यात मारला.

राउंड झाल्यावर कॅडीला पैसे क्लबच्या रेटने द्या, टीप वेगळी, आणि ती चौघांनी आधी ठरवून सारखीच द्या, एकाने दोनशे आणि दुसऱ्याने पन्नास दिले की बाकीच्यांची पंचाईत. कार्डावर सह्या करा, स्कोर हँडिकॅप ॲपवर त्याच दिवशी टाका, वाईट असेल तरी, खरं तर वाईट असेल तर नक्कीच, पुढच्या वेळी फटके वाढून मिळू शकतात. मग मिसळ. पैजेचा हिशेब मिसळ यायच्या आधी मिटवायचा असा आमच्यात नियम आहे, कारण एकदा जेवण झाल्यावर सीएने जीएसटी लावून दाखवला होता.